आमचा 'बीपी' आणि मुलांचा 'बीपी'

वैद्यकीय व्यवसायात 'बीपी' या दोन अक्षरांचा अर्थ एकच, तो म्हणजे रक्तदाब. दवाखान्यात येणारे आजोबाही बाकावर टेकता टेकता "डॉक्टर, जरा बीपी बघा" असे म्हणतात. परंतु १९८० च्या दशकात जे शाळेत होते, त्यांना याच दोन अक्षरांचा दुसरा अर्थ चांगला ठाऊक आहे. तो अर्थ वर्गात मागच्या बाकावर कुजबुजला जाई आणि मास्तर आले की गप्प होई. 'ब्लू पिक्चर' हा तो अर्थ.

याच शब्दखेळावर बेतलेला 'बालक-पालक' हा मराठी चित्रपट ४ जानेवारी २०१३ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रवी जाधव, म्हणजे आपल्या डोंबिवलीचेच. 'नटरंग' (२०१०) आणि 'बालगंधर्व' (२०११) यांच्यानंतरचा हा त्यांचा तिसरा चित्रपट. अंबर हडप आणि गणेश पंडित या लेखकद्वयीच्या एकांकिकेवरून तो तयार झाला. रितेश देशमुख आणि उत्तुंग ठाकूर त्याचे निर्माते. पोस्टरवर 'बीपी' ही अक्षरे मोठी होती आणि पालकांच्या भुवया उंचावल्या होत्या. प्रत्यक्षात आमच्या भागातील किती तरी घरांनी तो आई-वडील आणि मुले अशा एकत्र मंडळींनी पाहिला, पोट धरून हसली आणि घरी परतताना काही वेळ कोणी बोलेना, असेही झाले.

आरोग्याच्या सदरात सिनेमा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण असे की, ज्या विषयावर पालक माझ्यासमोर बसून आवंढा गिळतात, त्या विषयाला या चित्रपटाने हसत हसत हात घातला. ज्यांना बोलायला सुरुवात सापडत नाही, त्यांना तो उपयोगी पडतो. आणि न बोलण्याची किंमत काय असते, ती आम्हा डॉक्टर मंडळींना दवाखान्यात पाहावी लागते. तीच आज सांगावयाची आहे.

'शेण खाल्लं' म्हणजे काय?

गोष्ट मुंबईतल्या चाळीतली आणि काळ व्हिडिओ कॅसेटचा. अव्या, भाग्या, चिऊ आणि डॉली ही चौघे नुकती वयात येऊ लागलेली. चाळीतली एक ताई एकाएकी घरच्यांसह चाळ सोडून जाते. मोठी माणसे आपापसात म्हणतात, तिने 'शेण खाल्लं'. मुलांना प्रश्न पडतो की, शेण खाल्ले म्हणून कोणी घर सोडते का? ती मोठ्यांना विचारतात. उत्तर कोणी देत नाही. कोणी दटावते, कोणी विषय बदलते.

वाचकहो, सारा चित्रपट या एका प्रश्नातून निघतो. मुलांनी प्रथम योग्य माणसांनाच विचारले होते. तिथे उत्तर मिळाले नाही, म्हणून ती विशूकडे गेली. विशू त्यांच्याहून जरा मोठा, सगळे काही माहीत असल्याच्या थाटात वावरणारा. प्रथमेश परब याने तो असा उभा केला की पुढे कित्येक दिवस शाळांतली मुले त्याच्या लकबी करीत होती. विशूकडे उत्तर असते, ते पिवळ्या पुस्तकांतले आणि कॅसेटवरचे. मूल प्रश्न विचारायचे थांबत नाही, ते फक्त विचारण्याची जागा बदलते.

आता त्या काळच्या अडचणी पाहा. व्हीसीआर भाड्याने आणावा लागे, त्याला पैसे जमवावे लागत, कॅसेट देणारा कोणी तरी गाठावा लागे आणि मुख्य म्हणजे रिकामे घर लागे. इतका खटाटोप होता. आज यांतली एकही अडचण उरलेली नाही. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून सहावी-सातवीतल्या मुलांच्या हातात फोन आपणच दिले. आपल्याकडे तर आई आणि बाबा दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री आठ वाजता घामाघूम होऊन परततात. रिकामे घर रोजच असते. सरकारने २०१८ मध्ये ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश काढले, पण विशूची जागा घेणारे दुसरे हजार मिळतात. दार बंद करून हा प्रश्न सुटणारा नाही.

शरीरात नेमके होते काय?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. ठरावीक वय झाले की तो आपल्या शेजारच्या पिट्यूटरी ग्रंथीला इशारे पाठवू लागतो. सुरुवातीला हे इशारे प्रामुख्याने रात्री झोपेत जातात. पिट्यूटरी ग्रंथी पुढे हा निरोप मुलीच्या अंडाशयांना आणि मुलाच्या वृषणांना पोहोचवते. मुलीत इस्ट्रोजेन आणि मुलात टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके वाढतात. पुढचे सगळे बदल यातून होतात.

मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात. प्रथम छातीची वाढ, मग उंची झपाट्याने वाढते आणि छातीची वाढ सुरू झाल्यापासून सुमारे दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४ या वयात होते. मुलांमधला पहिला बदल बहुतेक पालकांना माहीत नसतो. आवाज फुटणे आणि मिसरूड या नंतरच्या गोष्टी, पहिला बदल म्हणजे वृषणांचा आकार वाढणे. निम्म्याहून अधिक मुलांना या वयात स्तनाग्रामागे छोटी, दुखरी गाठ येते. मुलगा घाबरतो, शर्ट काढायला लाजतो, पोहायला जात नाही. ही गाठ बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप जाते, एवढे सांगितले तरी त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे तेही सांगतो. मुलीत आठ वर्षांच्या आत किंवा मुलात नऊ वर्षांच्या आत हे बदल दिसू लागले, मुलीत तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही किंवा मुलात चौदा वर्षांपर्यंत कोणताच बदल दिसला नाही, तर तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते, पण पाहून घेणे बरे.

'दोष' कसला?

मुलगा वयात आला की झोपेत वीर्य बाहेर पडते. याला आपल्याकडे 'स्वप्नदोष' म्हणतात आणि त्या शब्दातच सारा घोटाळा आहे. हा दोष नाही. तोंडात लाळ तयार होते तसे शरीरात वीर्य तयार होते आणि साठले की बाहेर पडते, इतके ते साधे आहे. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. एका वेळच्या दोन ते पाच मिलीलिटर वीर्यात बहुतांश पाणी, थोडी साखर, प्रथिने आणि शुक्रजंतू असतात. त्याने अशक्तपणा येत नाही, डोळे खोल जात नाहीत, स्मरणशक्तीही कमी होत नाही. हस्तमैथुनाबाबतही हेच खरे आहे.

ही भीती इतकी खोल आहे की तिला वैद्यकशास्त्रात नाव आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे तिचे नामकरण केले. धातू जाते म्हणून आपण खंगत चाललो, या धास्तीने मुलगा खरोखरच जेवत नाही, झोपत नाही, अभ्यास सोडतो. तो धातूने खंगत नाही, धास्तीने खंगतो.

आणि या धास्तीवर धंदा चालतो. आपल्या लोकलच्या डब्यात, स्टेशनच्या जिन्याखाली 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' अशी पत्रके चिकटवलेली असतात, ती सर्वांनी पाहिलेली आहेत. कल्याणहून रोज कॉलेजला जाणारा एक मुलगा क्लासची फी म्हणून घरून घेतलेले पैसे अशा एका ठिकाणी भरत होता. त्याला पुड्या मिळत होत्या. माझ्याकडे आला तो पोटात जळजळ होते म्हणून. त्याला आजार कोणताच नव्हता. दहा मिनिटे बोलल्यावर तो रडू लागला आणि म्हणाला, "हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" त्याचे वडील सुशिक्षित, प्रेमळ गृहस्थ आहेत. मुलाला त्यांनी गणित, इंग्रजी, पोहणे सारे शिकवले होते. एवढेच राहिले होते.

शब्द नसतात तेव्हा

पैसे जातात, ते परत मिळवता येतात. काही गोष्टी मिळवता येत नाहीत.

नववीतल्या एका मुलाला रात्री एकाएकी एका बाजूच्या वृषणात असह्य वेदना सुरू झाल्या. उलटी झाली. आईने विचारले तेव्हा त्याने 'पोट दुखतंय' असे सांगितले. दुसरे काय सांगणार? त्या अवयवाचे घरात उच्चारता येईल असे नावच त्याच्यापाशी नव्हते. आईने ओवा दिला, हिंग लावला. सकाळी आई-वडील कामावर गेले. संध्याकाळी माझ्याकडे आणले तेव्हा सोळा-सतरा तास उलटले होते. पाहताक्षणी त्याला शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवले, पण वृषण काळे पडले होते आणि ते काढावे लागले.

याला वृषणाला पीळ पडणे असे म्हणतात. वृषण ज्या दोरीसारख्या नळीला लोंबकळते, ती पिळली जाते आणि रक्तपुरवठा तुटतो. १२ ते १८ या वयात हे अधिक आढळते. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया होऊन पीळ सोडवला, तर वृषण बहुधा वाचते. जितका वेळ जाईल तितकी आशा कमी होते. त्या मुलाचे दुसरे वृषण चांगले आहे, शस्त्रक्रियेच्या वेळीच ते टाके घालून जागेवर पक्के केले गेले आणि पुढे संसारात त्याला अडचण येऊ नये. परंतु सहा तासांच्या आत तो बोलला असता तर! पालकहो, हे वाक्य कापून ठेवा: मुलाला वृषणात अचानक, जोराची वेदना झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. आणि मुलाने ते सांगावे यासाठी त्या अवयवाचे नाव त्याला घरातच आधी ठाऊक असावे.

मुलींची गोष्ट याहून कठीण. दहावीतल्या एका मुलीला तिची आई 'गॅसेस होतात, पोट फुगल्यासारखं वाटतं' म्हणून घेऊन आली. तपासणीत पाच महिने झाले होते. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलगी मला एकच विचारीत होती, "डॉक्टर, एकदाच झालं तरी राहतं का?" हो, एकदाच झाले तरी राहते. हे वाक्य तिला कोणी सांगितले नव्हते. शाळेत तिने बेडकाचे आणि फुलाचे पुनरुत्पादन पाठ केले होते. त्यात तिला पैकीच्या पैकी गुण होते.

चित्रपटातल्या ज्या ताईने 'शेण खाल्लं', तीही अशीच कोणाची तरी मुलगी. प्रेक्षक तिच्या नावाने सुरू झालेल्या कुतूहलावर हसतात, पण ती मात्र चाळीतून गेलेली असते. पुन्हा पाहताना मला त्या हसण्यापेक्षा तिचे जाणे अधिक लक्षात राहिले.

हसू कुठे थांबते?

चित्रपटाचा पूर्वार्ध निखळ गंमत आहे. उत्तरार्धात ती गंमत हळूहळू जड होते. कालपर्यंत एकत्र खेळणारी दोन मुले आणि दोन मुली, कॅसेट पाहिल्यानंतर एकमेकांकडे पूर्वीसारखे पाहू शकत नाहीत. शेजारच्या ताईकडे पाहण्याची नजर बदलते. मैत्रीत संकोच शिरतो. यातले शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

मेंदूतला भावनांचा आणि सुखाचा भाग वयात येताना वेगाने जागा होतो. लगाम धरणारा भाग, म्हणजे कपाळामागचा पुढचा मेंदू, पुरता पक्व व्हायला पंचविशी उजाडते. घोडा तयार असतो, पण स्वार अजून शिकतो आहे. अशा वेळी आकर्षण वाटणे, एखाद्या मोठ्या ताईवर किंवा दादावर मन जडणे, मन मोडणे, हे सारे स्वाभाविक आहे. त्यात शरम वाटण्याजोगे काही नाही. मोठ्यांना ते पोरकट वाटते, पण ज्याचे मन पहिल्यांदा मोडले आहे त्याला ते खरेच दुखत असते. त्याची थट्टा करू नये.

अशा काळात शरीरसंबंधाची पहिली ओळख ब्लू फिल्ममधून झाली, तर काय होते? हिंदी सिनेमात नायक दहा जणांना एकटा लोळवतो, ते पाहून आपण मुलाला सांगतो की, हे खोटे असते रे, हे नट आहेत, तारा बांधलेल्या असतात. ब्लू फिल्मही तितकीच खोटी असते. तिथेही नट असतात, दिवे असतात, कापाकापी असते, कोणाकोणावर तर बळजबरी झालेली असते. पण तारा बांधल्या आहेत हे मुलाला कोणी सांगत नाही. म्हणून मुलगा आपले शरीर त्या मापाने मोजतो आणि खचतो. त्याला वाटते बाईचा नकार हा नकार नसतोच. मुलीला वाटते आपल्याला न आवडले तरी सोसायचे असते. तिथे प्रेम नसते, संकोच नसतो, विचारणे नसते. चित्रपटाचे सारे वजन मला वाटते इथे आहे. ही मुले बिघडत नाहीत, त्यांचे निरागस असे काही तरी वेळेआधी हरवते.

शेवटी त्यांना सावरतात ते कदमकाका. किशोर कदम यांनी साकारलेले हे काका मुलांना झोडपत नाहीत, जवळ घेऊन बोलतात. प्रत्येक सोसायटीला एका कदमकाकांची गरज आहे.

बोलणाऱ्यांची परंपरा

'आमच्या संस्कृतीत हे बसत नाही' असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते पदरमोड करून चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ मराठीत उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ च्या त्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट कर्व्यांच्या जीवनावर आहे. म्हणजे ही परंपरा आपल्या मराठीचीच आहे, बाहेरून आणलेली नाही.

पुढे मात्र आपण मागे सरलो. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यात तो कार्यक्रम थांबला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या 'मैत्री' केंद्रांत मुलांना सल्ला मिळतो. आपल्या ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचे काम करीत आहे. मदत आहे, पण तिथवर पोहोचायला कोणी तरी घरात पहिले वाक्य बोलावे लागते.

काय बोलावे, केव्हा बोलावे?

तीन ते पाच वर्षे: हात, पाय, नाक यांच्याबरोबरच लिंग, योनी, वृषण ही नावे शिकवावीत. आई-वडील, आणि आईच्या समोर डॉक्टर, यांच्याखेरीज तिथे कोणी हात लावायचा नाही आणि लावला तर सांगायचे, हेही शिकवावे. सांगणाऱ्या मुलावर विश्वास ठेवावा, मग तो माणूस नात्यातला का असेना.

आठ ते दहा वर्षे: बदल सुरू होण्याआधी सांगावे. पहिल्यांदा रक्त पाहून आपल्याला कॅन्सर झाला असे समजून रडणाऱ्या मुली आजही येतात. मुलीला पाळीविषयी पाळी येण्याआधी कळले पाहिजे, आणि भावालाही कळले पाहिजे, म्हणजे तो चिडवणार नाही, दुकानातून पॅड आणून देईल.

अकरा ते चौदा: झोपेतील वीर्यपतन, हस्तमैथुन आणि ब्लू फिल्मचे खोटेपण यांविषयी बोलावे. 'तू पाहिलंस का?' अशी उलटतपासणी घेऊ नये. 'तुझ्या वयात असं काही समोर येतं. ते खरं नसतं. प्रश्न पडला तर मला विचार' एवढे पुरे.

पंधरा वर्षांनंतर: आकर्षण, प्रेम, नकार देणे आणि नकार स्वीकारणे, गर्भ कसा राहतो, निरोध कशासाठी, आणि कायदा काय म्हणतो.

बोलण्यासाठी समोरासमोर खुर्च्या मांडून बसू नये. तलावपाळीला फेरी मारताना, स्कूटरवर मागे बसवून क्लासला सोडताना, मटार सोलताना बोलणे सोपे जाते, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणावे आणि खरोखर सांगावे.

आणि मूल पाहताना सापडले तर? फोन हिसकावून मारू नये, आत्या-मामांना फोन करून बोभाटा करू नये. त्या क्षणी शांत राहावे. संध्याकाळी, राग उतरल्यावर, एकट्याशी बोलावे.

कायद्याचे दोन शब्द

बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, म्हणजे 'बालक-पालक' येण्याच्या जेमतेम दोन महिने आधीपासून. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्यात बालक आहे आणि त्याची संमती कायदा मानत नाही. दोघे कॉलेजातले असले आणि 'आमचे प्रेम आहे' म्हणाले तरी मुलावर गंभीर गुन्हा दाखल होतो. असे प्रकरण समोर आल्यावर पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा 'डॉक्टर, आपल्यातच राहू द्या' असा आग्रह धरू नये. २०२१ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलींचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. तो नोंदणीकृत केंद्रातच करावा, चोरून कुठेही करू नये. तिथे मुलीचा जीव जातो. लहान मुलांची अश्लील चित्रे मोबाइलमध्ये जपून ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रुपवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

*हे सारे सांगितल्याने मुले जास्त बिघडणार नाहीत का?* नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा कल असाच आहे की, नीट माहिती मिळालेली मुले लवकर प्रयोग करीत नाहीत, आणि पुढे जबाबदारीने वागतात.

*अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, आता पैशांसाठी धमक्या येतात. काय करावे?* पैसे देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढते. संदेश पुसू नयेत, तो पुरावा आहे. १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करावी. आणि सर्वांत आधी घरात एका मोठ्या माणसाला सांगावे. या धमक्यांना घाबरून मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत. मूल असे काही सांगायला आले, तर 'कशाला उचललास फोन?' हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

*हा चित्रपट मुलांबरोबर पाहावा का?* तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर जरूर पाहावा. आधी आई-वडिलांनी दोघांनीच पाहून घ्यावा. पाहून झाल्यावर टीव्ही बंद करून लगेच जेवायला उठू नये, थोडा वेळ बसून राहावे. प्रश्न त्यांच्याकडूनच येतात.

अडचणीच्या वेळी मुलांसाठी १०९८ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत. ते फ्रिजवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवावेत. आपल्या शंका या सदराकडे पत्राने पाठवाव्यात. नाव लिहिले नाही तरी चालेल.

पुढील आठवड्यात: मोठ्यांचा बीपी, आणि गोळी अचानक का बंद करू नये.